पेढ्यांच्या खोक्यातली हुमणी

उसाची मुळं कुरतडणारी हुमणी ही अळी म्हणजे आमच्या राहात्याकडच्या शेतकऱ्याची वैरीणच. मी मात्र श्रीरामपूरच्या कॉलेजात तिच्या पोटातले जिवाणू वाढवते. कुजक्या मातीत राहून ही अळी सडत नाही, म्हणजे तिच्या आतले जिवाणू काहीतरी तयार करत असणार आणि त्यातून एखादं औषध मिळेल, हा माझ्या संशोधनाचा विषय. वडिलांना आधी हसूच आलं. "सगळं जग हिला मारतंय, अन् तू पाळती व्हय!"

आईच्या पायाला मधुमेहाची जखम झाली आणि कुठलीच गोळी लागू पडेना, तेव्हा मी त्या जखमेतला जंतू काचेच्या बशीत माझ्या जिवाणूशेजारी लावला. दोन दिवसांनी माझ्या जिवाणूभोवती स्वच्छ कडं उमटलं. तेवढ्या जागेत जंतू वाढलाच नव्हता. मी हरखले. मोबाईलवर फोटो काढला आणि घरी जाऊन आईला दाखवला. गप्प बसायला काय झालं होतं मला!

"मंग लाव की पायाला," आई म्हणाली.

अशा कड्याचं औषध व्हायला वर्षं लागतात, बहुतेकदा होतच नाही, हे मी तिला सांगितलं. ती "व्हय, व्हय" म्हणाली. मला वाटलं, समजलं.

त्या हंगामात वडिलांनी उसाच्या चार सऱ्यांत कीटकनाशक टाकलंच नाही. दर आठवड्याला एसटीने अळ्या आणून द्यायचे. एकत्र ठेवल्या तर एकमेकींना चावतात, म्हणून शिर्डीच्या पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे केलेले, प्रत्येक कप्प्यात थोडी माती. मला वडिलांचं कौतुक वाटायचं.

डॉक्टरांनी आईच्या पायाचा अंगठा काढायला सांगितला होता, हे मला फार उशिरा कळलं. "पोरीचं औषध व्हतंय, थोडं थांबू," म्हणत दोघांनी महिने काढले होते. शेवटी अंगठ्यावर भागलं नाही. गुडघ्याखालून पाय गेला. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. तेच जास्त लागतं.

पुढे तपासणीत निघालं, की माझा जिवाणू तयार करत होता ते रसायन नवं नव्हतंच. आधीपासून माहीत असलेलं आणि माणसाच्या किडनीला घातक. हे घरी कोणत्या तोंडानं सांगू? मी टाळत राहिले.

गेल्या आठवड्यात वडील पुन्हा कॉलेजच्या फाटकाशी उभे, हातात खोकं.

"दादा, आता कशाला आणलंत?"

"आसं काय करती? तिचा एक पाय हाय ना अजून."

मी खोकं घेतलं. सांगायचं ते त्या दिवशीही राहिलं.