निळे, हिरवे, लाल अंगठे

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण जत तालुक्यातल्या त्या अर्जाची आठवण झाली की मला आजही हसू फुटतं.

तिथल्या मेंढपाळांनी मिळून एक उत्पादक कंपनी काढली होती. घोंगड्या विणणाऱ्या बायकाही तिच्या शेअरहोल्डर. एका संचालकाने त्यांची मागाची शेड परस्पर मेव्हण्याला गोदामासाठी दिली आणि माग उघड्यावर आले. संचालकाला मुदतीआधी काढायचं तर सभासदांना सभेची लेखी मागणी करावी लागते, आणि अशा कंपनीत त्या मागणीवर एक तृतीयांश सभासदांच्या सह्या किंवा अंगठे लागतात. हे काम त्या विणणाऱ्या बायकांपैकी साठीच्या एका मावशींनी अंगावर घेतलं आणि पुरं केलं.

संचालक तक्रारीचा अर्ज घेऊन तडक ठाण्यात माझ्यापुढे आला.

"साहेब, सगळं बोगस आहे. ही माणसं दोन महिने मेंढरं घेऊन परमुलखात आहेत. अंगठे उमटवले कुणी? त्या म्हातारीनंच. गुन्हा दाखल करा."

कागद पाहिला आणि मलाही शंका आली. अंगठे निळे, हिरवे, लाल! सगळ्या नोकरीत हिरवा अंगठा मी पाहिला नव्हता. गुन्हा दाखल झाला असता तर मावशी आत गेल्या असत्या आणि सभा बारगळली असती. मावशींना चौकशीला बोलावलं.

"हे अंगठे कुणाचे?"

"ज्याचे त्याचे."

"ती माणसं गावात नाहीत."

"व्हय. मंग मी गेली की त्यांच्याकडं."

"आणि हा रंग कसला?"

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. "आवं सायेब, त्ये मेंढरास्नी जाऊन इचारा."

मी टेबलावर हात आपटला. पोलीस ठाण्यात थट्टा मला खपत नसे. खरं सांगतो, त्या दिवशी रागाच्या भरात मी गुन्हा नोंदवणारच होतो.

तेवढ्यात एसटीचा एक कंडक्टर ठाण्यात आला. मावशींना बोलावल्याचं त्याला स्टँडवर कळलं होतं. म्हणाला, "साहेब, ही बाई माझ्या गाडीनं फलटणकडं गेली होती. प्रत्येक थांब्यावर विचारायची, मेंढरं दिसली का. लय डोकं खाल्लं माझं."

मग मात्र मी हवालदाराला घेऊन जीप काढली. फलटणच्या अलीकडे, ऊस तुटलेल्या रानात एक कळप बसला होता. प्रत्येक मेंढराच्या पाठीवर निळा पट्टा. कळप एकमेकांत मिसळले तरी आपलं मेंढरू ओळखता यावं म्हणून प्रत्येक मेंढपाळाचा रंग ठरलेला असतो.

"रानात शाई कुठली आणायची?" मेंढपाळ रंगाचा डबा दाखवत म्हणाला. "मावशी आल्या, आमी ह्यातच अंगठा बुडवला."

पुढच्या मुक्कामी हिरवा, त्यापुढे लाल. हवालदाराला हसू आवरेना. मी जबाब घेतले, नमुन्याचे ठसे घेतले. तज्ज्ञांकडून ते जुळल्याचा अहवाल आला.

संचालकाला बोलावून विचारलं, "तुमचे वडीलही मेंढरंच राखायचे ना?" तो हळूच म्हणाला, "आमचा रंग पिवळा होता, साहेब." मला त्याची दया आली. तक्रारीत तथ्य नाही म्हणून त्याचा अर्ज मी निकाली काढला.

सभेला माझा बंदोबस्त होता. मेंढपाळ टेम्पो करून आले. संचालक बोलायला उठताच गलका झाला, पण मावशी कडाडल्या, "बोलू द्या त्याला! त्याचं म्हननं ऐकल्याबिगार काढता येत न्हाई, कायदा हाय." तो बोलला, सगळ्यांनी ऐकलं आणि मग हात वर झाले. एका सभासदाला एक मत. ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

तो उठून निघाला तशी मावशींनी हाक मारली. "कुठं निघालास रं? संचालक न्हाईस, पर सभासद हाईस की अजून. बस. शेड रिकामी करून झाडायची हाय, कोन कोन येनार?"

तो बसला, आणि पहिला हात त्याचाच वर गेला.

नोकरीत मी पुष्कळ माणसं उचलून नेली. एखाद्याला पदावरून काढून लगेच शेजारी बसवून घेतलेलं मात्र एकदाच पाहिलं. आपण खुर्चीत बसूनच गुन्हा नोंदवला असता तर काय झालं असतं, हा विचार डोक्यातून जात नव्हता. तरी परतताना जीपमध्ये मी आणि हवालदार, दोघेही शाळा सुटलेल्या पोरांसारखे खूश होतो.