बसून दिसलं पाहिजे

धाकटी बेकरीची गाडी चालवते, त्यामुळे तळ्याकाठचं अख्खं शहर तिला मागच्या दारांनी पाठ आहे. ताईसाठी पक्षी बघायची जागा शोधणं म्हणजे हातचा मळ, असं तिला वाटलं होतं. कसलं काय.

पक्ष्यांचं वेड मुळात ताईचं, हिला तिनेच लावलेलं. अर्धांगाचा झटका येऊन ताई चाकाच्या खुर्चीत बसली, त्याला वर्ष होत आलं. तोंड तेवढं शाबूत राहिलं, नशीब. पण हल्ली ती खिडकीकडे पाठ करून बसायची. एकदा म्हणाली, "ती दुर्बीण देऊन टाक कुणाला तरी." ताईचं मन एकदा विटलं की औषधं कुचकामी, हे धाकटी ओळखून होती.

मग सुट्टी आली की शोध सुरू. बोटींच्या धक्क्याला पायऱ्या, लव्हाळ्यांकडे गुडघाभर चिखल. शेवटी पंपघराजवळ गुळगुळीत फरशी सापडली, समोर बदकंच बदकं. स्वारी खूश. ताईला मोठ्या थाटात तिथे नेलं.

ताईने बराच वेळ समोर बघितलं. "भिंत छान आहे गं," ती म्हणाली. "रंग नवा दिलेला दिसतोय."

धाकटी वाकली आणि तिचा चेहरा पडला. कठडा ताईच्या डोक्याच्याही वर होता. जागा शोधताना ही शहाणी दर वेळी उभीच होती ना.

"रडतेस काय? लहानपणी तुला तरी कुठे दिसायचं?" ताई म्हणाली. "भिंत आली की चढलीस माझ्या पाठुंगळी. वर माझे केस ओढायचीस."

ते धाकटी साफ विसरली होती.

त्यानंतर तिने गाडीत एक बुटकं स्टूल टाकलं. जाईल तिथे आधी बसून बघायची. लोकांना वाटलं, बाईचा स्क्रू ढिला झालाय. आणि जागा सापडली कुठे, तर रोज पाव उतरवते त्याच हॉटेलच्या मागे. माल चढवायचा उतार थेट पाण्यापर्यंत, कठडा नाही, शेजारी कचऱ्याचे डबे. आचाऱ्याला सांगितलं, तर त्या भल्या माणसाने डबे पलीकडे ढकलले आणि वर दोघींना चहाही आणून दिला.

धाकटीने खुर्चीचा ब्रेक दोनदा तपासला.

"वास मारतोय," ताई म्हणाली.

"मग जाऊ या परत?"

"गप्प बस. दुर्बीण दे आधी."

ती गाडीतच होती. कोण देऊन टाकतंय.

समोर टिबुकली पोहत होती, तिच्या पाठीवरच्या पिसांतून पिल्लांची इवलाली डोकी वर आलेली. ताई दुर्बीण सोडेना. मग दुर्बीण मांडीवर ठेवून तिने चांगल्या हाताने धाकटीची बाही ओढली. "वाक. माझ्या खांद्यावरून बघ, तिथून नीट दिसतं."

धाकटीने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली. "ताई, किती केलंस गं तू माझ्यासाठी."

"बरं, बरं," ताई म्हणाली. "केस ओढू नकोस म्हणजे झालं."