पाणचक्कीच्या बाई

कुठलीही वस्तू हातात आली की बाई आधी ती कानाशी नेऊन हलवायच्या. बंद घड्याळ असो, टॉर्च असो, नाहीतर कुणाचा मोडका रेडिओ. मग पोरांना विचारायच्या, "आत काय हाय, सांगा बघू?" पोरं वाट्टेल ते सांगायची. बाई कुणालाच चूक म्हणत नसत. "उघडून बघू," एवढंच.

लासुर्ण्याजवळच्या आमच्या छोट्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो आणि त्या चौथीला शिकवायच्या. ज्यांच्या टेबलावर पुस्तकांपेक्षा स्क्रू जास्त, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एकदा ऐन तपासणीच्या दिवशी त्यांनी माझ्याच खोलीतला पंखा खाली उतरवून ठेवला होता. साहेब घामाघूम. पोरं मात्र त्यांना आतली तांब्याची तार दाखवायला चढाओढ करत होती.

त्या वर्षी बाईंनी पाणचक्की करायची ठरवली. सायकलचं जुनं चाक, तेलाच्या डब्याचा पत्रा, सायकलचाच डायनामो, त्याला जोडायचा छोटा बल्ब आणि शाळेमागून उसाला जाणारी कालव्याची चारी. त्यांनी मला विचारलं. मी "करा की" म्हणालो. तोंडीच.

पत्रा बसवताना एका मुलीचा तळहात कापला. तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले.

"पोर शिकाय धाडली हाय आमी, पत्रं कापाय न्हाय!"

"चूक माझी हाय, दादा," बाई म्हणाल्या. "कडा मी घासून द्याय पायजे हुत्या."

तक्रार वर गेली. माझ्याकडे खुलासा मागितला गेला. मी लिहिलं, 'सदर उपक्रम माझ्या परवानगीशिवाय घेण्यात आला.' बाईंनी तो कागद दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली सही केली. चक्की थांबली.

पंधरा दिवसांनी ते गृहस्थ मुलीला घेऊन पुन्हा आले. हातात कानस होती.

"सर, जेवताना बी हिचं चक्कीचंच चाललंय. अर्धवट कशाला ठिवता? कडा मी घासतो हितं बसून."

मी बाईंकडे पाहिलं.

"सरांची परवानगी लागंल," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

या वेळी मी लेखी परवानगी दिली.

चारीला पाणी आलं, चाक फिरलं. भर दुपारच्या उन्हात बल्ब पेटलाय की नाही हेच कळेना. तेव्हा त्या मुलीनं दोन्ही हातांची ओंजळ त्याच्याभोवती धरली आणि ओरडली, "लागलाय!" एकेकानं वाकून तिच्या ओंजळीत पाहिलं. तिच्या वडिलांनी दोनदा पाहिलं.

वर्षअखेरीस बाईंची बदली डाळजकडे झाली. निरोपाच्या दिवशी मी म्हणालो, "बाई, तो खुलासा मी दुरुस्त करून पाठवतो."

"पाठवा की, सर," त्या म्हणाल्या आणि स्कूटीवर खोकं बांधायला लागल्या.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. बाईंच्या फायलीत तो कागद अजून तसाच आहे.