मामे एफुआचा रंग

आमच्याकडे कुणाच्या दारात गेलं की बाहेरूनच "आगो" अशी हाक द्यायची आणि आतून "आमे" असं उत्तर येईपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबायचं. त्या गुरुवारी सकाळी फिलोमिनाने हाक दिली नाही. ती सरळ आंटी आराबाच्या हॉलमध्ये शिरली आणि हातातलं पाकीट तिने जेवणाच्या टेबलावर, प्रिंटरच्या शेजारी आपटलं.

"आंटी, हे काय छापून दिलंत मला?"

आंटी आराबाने चष्मा शोधला. पाकिटात चाळीस लहान फोटो होते, शनिवारी नातेवाइकांच्या छातीवर टाचायचे. फिलोमिनाची आई, मामे एफुआ, तीन आठवड्यांपूर्वी गेली होती. शनिवारी माती होती; आमच्याकडे मयत इतके आठवडे शवागारात राहतंच. याच फोटोची मोठी प्रत शवपेटीच्या उशाशी उभी राहायची होती.

"काय झालं? ठीक तर आहेत."

"ठीक? बाहेर उजेडात बघा. आई नाही ही, करपलेल्या भांड्याचा तळ आहे. वर ओठ हिरवे. अंगणातल्या बायका म्हणाल्या, बुडून मेली होती का गं?"

आंटी आराबाने एक फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. फोटोंच्या बाबतीत तिला सहसा कुणी बोल लावत नसे. नवऱ्याचा याच हॉलमध्ये स्टुडिओ होता. तो गेल्यावर तिने कॅमेरा विकला, भिंतीवरचा रंगवलेला धबधबा पुसून टाकला आणि शाईच्या टाक्यांचा एक प्रिंटर आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. आमच्या सॉल्टपाँड गावात फोटो छापणारी दुकानं आणखीही आहेत, पण तिथे सगळे चेहरे सारखे निघतात, एकतर कोळशासारखे नाहीतर राखेसारखे. आंटी म्हणायची, "हे मशीन बनवणाऱ्यांनी आपली माणसं कधी बघितलेली नाहीत. आपला चेहरा दिसला की त्याला वाटतं फोटोत अंधार झालाय." मग ती मशीनची फोटो स्वतःहून सुधारायची सोय बंद करायची आणि एकेका गालावर तास तास बसायची. कुणाच्या काळ्यात तांबूस छटा आहे, कुणाच्या निळसर, हे तिला गावातल्या प्रत्येकाचं पाठ होतं.

"मी तुमच्याकडे आलेच नसते," फिलोमिना म्हणाली. "घराण्याचे प्रमुख म्हणाले, तिचा चेहरा आराबालाच माहीत आहे, म्हणून आले. आता कळतंय मला सगळं. हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"मी?"

"तुम्हीच. आईच्या साठीच्या वेळचं विसरले नाही मी."

विसरलं कुणीच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी मामे एफुआने साठीचा फोटो छापायला दिला होता आणि म्हणाली होती, मला जरा उजळ कर. आंटी आराबा सगळ्या चर्चच्या महिला मंडळासमोर म्हणाली, "देवाने दिलेला रंग मी बदलत नाही, एफुआ. तुला दुसऱ्या कुणाचा फोटो हवा असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा." बायका हसल्या. मामे एफुआ उठून गेली आणि त्या दिवसापासून समोरासमोरच्या दोन दारांत राहून दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्याआधीची चाळीस वर्षं त्या एका ताटात जेवल्या होत्या.

"तेव्हा तिला उजळ केलं नाहीत, आता मेल्यावर काळी करून दाखवलीत," फिलोमिना म्हणाली. "आज दुपारपर्यंत नीट फोटो झाला नाही तर मी केप कोस्टला जाऊन छापून आणते. आणि मग शनिवारी तुम्ही आमच्या मांडवात येऊ नका. घरच्या बायकांच्या बाकावर तर नाहीच नाही."

आंटी आराबाचा हात चष्म्याच्या काडीवरच राहिला. सहा वर्षं बोलली नसली तरी त्या बाकावर आपण बसणार, याबद्दल तिला आजवर शंका आली नव्हती.

"बस," ती म्हणाली. "कुणीतरी माझ्या मशीनला हात लावलाय."

संशय हा आंटी आराबाचा जुनाच सोबती. साखरेच्या डब्याला ती दोऱ्याची गाठ मारते, आणि गाठ कशी मारली होती ते लक्षात ठेवते. प्रिंटरच्या चारही टाक्यांवर शाई कुठवर आहे तिथे पेनने रेघ ओढते. तिने वाकून पाहिलं. चारही टाक्यांत शाई रेघेखाली होती, लाल तर बोटभर.

"मास्टर!" ती मागच्या दाराकडे तोंड करून ओरडली. "मास्टर अम्पिया! जरा इकडे या!"

मास्टर अम्पिया हे मागच्या खोलीतले भाडेकरू, शाळेत गणित शिकवतात. तोंडात दात घासायची काडी तशीच ठेवून ते आले.

"तुम्ही माझ्या मशीनवर प्रश्नपत्रिका छापल्यात."

"मॅडम, लाल शाईत प्रश्नपत्रिका?"

"मग लाल शाई गेली कुठे?"

"मंगळवारी तुम्हीच मशीनचं शाई सोडणारं डोकं साफ करायला तीनदा चालवलंत. तीन आठवडे झाकून ठेवलं होतं, शाई वाळली असेल म्हणालात. मी इथेच उभा होतो. तुम्ही मला पंखा बंद करायला लावलात." त्यांनी काडी दुसऱ्या गालात सरकवली. "परवा साबण गेला तेव्हाही चोर मीच होतो. तो नंतर तुमच्या खिशात सापडला."

फिलोमिना हसली नाही. "तुमचं दोघांचं आधीच ठरलंय का हे?"

"मला काय ठरवायचंय?" मास्टर म्हणाले. "मी भाडेकरू आहे, साक्षीदार नाही." पण ते गेले नाहीत, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

आंटीने तपासणीचा कागद छापला. चारही रंगांच्या बारीक रेघा सलग आल्या, एकही तुटली नाही. म्हणजे डोकं साफ होतं. मग शाई भेसळीची असेल म्हणून तिने दुकानदाराला चार शिव्या दिल्या आणि बाटली हुंगली. बाटली जुनीच होती, त्याच शाईने महिन्यापूर्वी पन्नास फोटो झाले होते. कागद उलटा लागला असेल म्हणून तिने ओल्या बोटाने दोन्ही बाजू चाचपल्या. चकचकीत बाजू वरच होती. लॅपटॉपवर कागदाचा प्रकार बरोबर निवडलेला होता.

"मग तू आणलेला फोटोच खोटा," ती शेवटी म्हणाली. "आजकाल फोन स्वतःच तोंडाला पावडर लावतात."

"आता माझ्यावर?" फिलोमिनाने फोन पुढे केला. "घ्या, बघा. माझ्या भावाने ईस्टरला काढलाय. आई भात पाखडत होती, पावडर लावायला वेळ नव्हता तिला."

फोनवर मामे एफुआ जशी होती तशी होती, पिकल्या खजुराच्या रंगाची, गालाच्या हाडावर तांबूस चकाकी. आंटीने फोन लॅपटॉपजवळ धरला. लॅपटॉपवरचा चेहरा गडद होता.

"बघितलंत?" फिलोमिना म्हणाली. "माझ्याकडचा बरोबर आहे. काळोख तुम्ही केलात."

"मी थोडा खाली आणला," आंटी सावकाश म्हणाली. "लॅपटॉपवर फार झगझगत होता. डोळ्यांत घुसत होता नुसता. आणि छापल्यावर लाल निघत होता, म्हणून लाल कमी केला. चार वेळा. तरी लालच निघत होता."

"लाल? हा?" फिलोमिनाने एक फोटो तिच्या नाकासमोर नाचवला. "बाहेर सगळ्यांना हिरवा दिसला हा!"

आंटीने फोटो हातात घेऊन खालीवर पाहिला. तिला तो अजूनही ठीकच दिसत होता. पहिल्यांदाच तिला दुसऱ्या कुणाचा नाही, स्वतःच्या डोळ्यांचा संशय आला. मोतीबिंदू तर नाही? तसं असेल तर हा धंदा संपला, आणि शनिवारचा बाकही.

मास्टर अम्पियांनी चौकटीवरून पाठ काढली. "मॅडम, ज्याचं उत्तर माहीत आहे असं एखादं गणित आधी सोडवून बघा."

"म्हणजे?"

"बरोबर आलेला एखादा जुना फोटो पुन्हा छापा. काही न बदलता."

महिन्यापूर्वीचा चर्चच्या गायकवृंदाचा फोटो भिंतीवर चिकटवलेलाच होता. सगळं गाव त्याची वाहवा करून गेलं होतं. आंटीने तोच पुन्हा छापला. कागद बाहेर आला तसा तिने लॅपटॉपशेजारी धरला.

"बघ, हाही लाल!"

फिलोमिनाने तो हिसकावला, भिंतीवरचा जुनाही उपटला, आणि दोन्ही घेऊन दारात गेली. उन्हात दोन्ही फोटो एकसारखे होते, दोन्ही नीट. ती दोन पावलं आत आली. दोन्ही एकदम तांबूस झाले. ती पुन्हा बाहेर गेली, पुन्हा आत आली. मग तिने फोटो सोडून आपल्या हाताकडे पाहिलं. तोही लाल दिसत होता.

"इथे अंधार कसला करून ठेवलाय?" ती म्हणाली आणि खिडकीकडे गेली.

रस्त्याकडच्या खिडकीला नेहमीचा पांढरा जाळीचा पडदा होता. बाहेरून कुणालाही तेवढाच दिसे. पण त्याच्या आत, वरच्या खिळ्यांना टाचून, एक लाल कापड खालपर्यंत सोडलं होतं. हॉलमध्ये जो काही उजेड येत होता तो त्यातूनच गाळून येत होता. लालावर काळ्या शिड्यांची नक्षी होती. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की माती होईपर्यंत असं लाल-काळं कापड घराला बाहेरून लावतात.

फिलोमिनाने स्वतःच्या अंगावरच्या कापडाकडे पाहिलं. दुखवट्यासाठी तिने ते आईच्या ट्रंकेतून काढलं होतं. त्यावर त्याच शिड्या होत्या, आणि एका बाजूला काठ नव्हता, कात्रीचा कापच होता. खिडकीतल्या कापडालाही एका बाजूला काठ नव्हता.

"हे कधी लावलंत?"

"ती गेली त्या दिवशी," आंटी म्हणाली. "ठाण दोघींनी मिळून घेतलं होतं. अर्धं तिचं, अर्धं माझं."

"आतून का?"

"बाहेर लावायचा हक्क मला कुणी दिला होता? बाहेर लावलं असतं तर तूच म्हणाली असतीस, आता दाखवायला आली."

"म्हटलं असतं," फिलोमिनाने कबूल केलं. तिने कापडाची कापलेली बाजू स्वतःच्या कापडाशी जुळवून पाहिली. तिचा संशय एवढ्यात जाणारा नव्हता. "मग सहा वर्षं का नाही बोललात?"

"ती बोलली नाही."

"ती म्हणायची, तुम्ही बोलला नाहीत."

"एई," मास्टर अम्पिया हळूच म्हणाले, आणि आपल्या खोलीत निघून गेले.

फिलोमिनाने खुर्ची ओढली, वर चढली आणि खिळे काढायला लागली.

"काढू नकोस!" आंटी ओरडली. "माती व्हायच्या आधी काढत नाहीत!"

"काढत नाही. बाहेरच्या भिंतीवर लावते. खिडकी सोडून. दिसू दे गावाला."

कापड खाली आलं तसा हॉलमध्ये पांढरा उजेड शिरला. टेबलावरचे चाळीस फोटो एकदम हिरवट, मळके दिसायला लागले. आंटी आराबाने ते पाहिले आणि पहिल्यांदाच तोंडावर हात ठेवला. "देवा, हे मी दिलं तुला?"

तिने लॅपटॉपवर आपण केलेले सगळे बदल पुसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी दर प्रत ती दारात नेऊन बघत होती. तिसऱ्या प्रतीला मामे एफुआ कागदावर उतरली, खजुराच्या रंगाची, गालावरच्या तांबूस चकाकीसकट. फिलोमिनाने ती प्रत उन्हात बराच वेळ धरली, मग सावलीत, मग पुन्हा उन्हात.

"हीच," ती म्हणाली. "हीच मोठी करा."

मोठी प्रत निघत असताना आंटी प्रिंटरकडे बघतच म्हणाली, "तुझी आई इथे असती तर म्हणाली असती, थोडी उजळ कर. करू?"

फिलोमिनाने डोळे बारीक केले. "माझी परीक्षा घेताय?"

"नाही गं."

"लोकांसमोर उभी राहील ती अशीच राहील." ती थांबली. "पण एक लहान करून द्या. उजळ. पेटीत तिच्या हाताखाली ठेवते. कुणाला दिसणार नाही."

"किती उजळ?"

"मला काय माहीत? तुम्हालाच सांगितलं होतं तिने."

आंटी आराबाला आठवत होतं. तेव्हा मामे एफुआने कॅलेंडरवरच्या साबणाच्या बाईवर बोट ठेवलं होतं. अगदी हिच्यासारखी, म्हणाली होती. आंटीने ब्राइटनेसची खूण उजवीकडे सरकवली, आणखी सरकवली. ओठ गच्च मिटून, जे उभ्या जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं.

कागद बाहेर आला. तिने तो उजेडात नेला नाही. तसाच पालथा फिलोमिनाच्या हातात दिला.

"शनिवारी सकाळी सहाला या," फिलोमिना दारातून म्हणाली. "बाकावर तुमची जागा धरून ठेवते. आणि ठाणातलं ते कापड तेवढं नेसून या."

"ते तर तू आता बाहेर लावतेयस ना."

"मग माझ्यातलं अर्धं फाडून घ्या," फिलोमिना म्हणाली आणि खिळे दातांत धरून भिंतीकडे वळली.