मरळ माशांचा अंतरपाट

दातांच्या डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघत बसले होते. चिंचवड स्टेशनाजवळचा नवा दवाखाना, गार हवा आणि समोर भिंतभर काचेची पेटी. पेटीत दोन रागीट मासे नि दोघांच्या मधोमध एक उभी काच. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, ती काच काढली ना, तर फाडून खातील एकमेकांना." मी पदर तोंडाला लावून इतकी हसले, की तिला वाटलं माझी कवळी निसटली. तिला काय सांगणार, की असल्या आडकाठीला आमच्या चाळीत अंतरपाट म्हणत होते!

लग्न होऊन मी सोलापूरकडून पिंपरीला आले, तेव्हा माळावर नुकता औषधांचा कारखाना उभा राहिला होता. पलीकडे ज्वारीची रानं होती आणि संध्याकाळी वारा सुटला की भोंग्याचा आवाज नि कडब्याचा वास बरोबरच दारात यायचा. आमची एकच खोली. तीत आम्ही दोघं, यांच्या गावचे दोन पाहुणे आणि एक मरळ. गावाकडून नोकरीला आलेल्या माणसानं गाववाल्याच्याच खोलीत वळकटी टाकायची, ही तेव्हाची रीतच होती. एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची दुसरी. त्यामुळे कुणी ना कुणी कायम घोरत असे. साडी बदलायला मी शेजारच्या कोकणातल्या काकूंकडे जायची. तक्रार तरी काय करणार? दोघंही वहिनी वहिनी करत, नळाचं पाणीसुद्धा भरून देत. चांगल्या माणसांचा जाच सांगताही येत नाही.

मरळ मात्र यांचा जीव की प्राण. लोखंडी पट्ट्यांत जाड काचा बसवून यांनी स्वतः टाकी केली होती. पवनेतला तो हातभर लांब, काळपट मासा; सोबतीला जे सोडावं त्याचा फडशा पाडायचा. उडी मारून बाहेर येऊ नये म्हणून टाकीवर पाट आणि पाटावर माझा वरवंटा. म्हणजे चटणी वाटायची तर आधी त्याची परवानगी! माझ्याशी दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस कामावरून आला की टाकीपुढं उकिडवा बसून माशाला म्हणे, "एकटा पडलास रे." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकटा म्हणे! शेवटी मी दादाला पत्र टाकलं, रविवारी ये, मला घेऊन जा, परत यायची नाही. यांना पत्ताच नव्हता.

त्याच आठवड्यात यांनी माशाचं लग्न काढलं. नदीवरच्या मासेवाल्या मावशी बादलीतून मादी घेऊन आल्या आणि बजावून गेल्या, "लगीच सोडू नगा. ह्यो बायकूला बी खाईल. मधी जाळी लावा, बघू द्या एकमेकांस्नी. दोगं गप झाली की मगच काढा." जाळीसाठी बळी गेली माझ्या रुखवतातली मोठी चाळण. काकू बघायला आल्या नि म्हणाल्या, "अगोबाई, हा तर अंतरपाट!" लगेच पंचांग काढून त्यांनी रविवार सकाळचा मुहूर्तही दिला. मासे गप झालेत का, हे कुणी विचारलंच नाही.

शनिवारी नर जाळीला धडका देत होता, मादी कोपऱ्यात अंग चोरून होती आणि सगळी चाळ नवरी बघायला येऊन जात होती. मला राहवेना. "अहो, तिला लपायला जागा कुठंय? आल्यापासून उघड्यावर आहे बिचारी. येणारा-जाणारा बघतो. तिनं जायचं कुठं?" शपथेवर सांगते, मी माशाबद्दलच बोलत होते. पण बोलता बोलता रडूच फुटलं. हे बघतच राहिले. मग उठून गळा फुटलेलं एक मडकं आणलं, टाकीत आडवं ठेवलं आणि हात पुसता पुसता खोलीभर नजर फिरवली. दोन वळकट्या, दोरीवर दोघांच्या विजारी, खिळ्याला टोप्या.

रविवारी दादा तणतणत आला, तो दारात ही गर्दी. हे कोपरापर्यंत पाण्यात. "दादा, बसा दोन मिनिटं, जाळी काढतोय." जाळी वर आली आणि काकूंनी सवयीनं "शुभमंगल सावधान" म्हणत मूठभर अक्षता टाकीत फेकल्या! नर बिथरून मादीवर तुटून पडला. ती सळकन मडक्यात. तो मडक्याच्या तोंडाशी थबकला. बऱ्याच वेळानं वर येऊन त्यानं हवेचा एक घोट घेतला नि चार बोटं मागं सरला. तिनं हळूच तोंड बाहेर काढलं. मावशी म्हणाल्या, "ऱ्हातील आता."

"चल, आवर," दादा म्हणाला. ट्रंक घ्यायला मी कोपऱ्याकडे वळले, तर दोन्ही वळकट्या नव्हत्या. मी काकूंकडे साडी बदलायला गेले होते, तेवढ्यात पाहुणे सकाळीच पलीकडच्या चाळीत दुसऱ्या गाववाल्याकडे हलले होते. हे ओल्या हातांनी, माझ्याकडे न बघता म्हणाले, "दाराला आतून कडी बसवलीय. लागते का बघ."

दादा जेवला आणि एकटाच परत गेला.

त्या माशांना पिल्लं झाली नाहीत, पण त्यांनी एकमेकांना खाल्लंही नाही. वर्षभरानं यांनी दोघांना पवनेत सोडून दिलं. आम्हीही पुढं पुष्कळ भांडलो, पण दादाला पुन्हा पत्र गेलं नाही. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. आज घरात चार खोल्या आहेत, प्रत्येकीला दार, दाराला आतून कडी. दिवसभर मी एकटीच असते, आणि एकही दार लावून घेत नाही.