मागे खेळणारा पेसोला

बर्फावर पुढे पळणारा पडला तर लोक "अरेरे" म्हणतात. मागे मागे पळणारा पडला तर खदाखदा हसतात. तार्मो पेसोला त्या नोव्हेंबरात एकाच सामन्यात दोनदा उताणा पडला, आणि दोन्ही वेळा चकती त्याच्या अंगावरून आमच्याच गोलमध्ये गेली. सगळं स्टेडियम हसलं. मी नाही हसले. मला पडण्याचं कारण दिसत होतं आणि ते त्याच्या पायाखाली होतं.

मी हिल्का. हापालांपी गावाच्या आइस हॉकी क्लबात स्केटच्या पात्यांना धार लावते. आधी नवरा लावायचा. तो गेला आणि मशीनचा ताबा मी घेतला, कुणाला विचारत बसले नाही. दोन महिने क्लबवाल्यांनी "बाईमाणूस, बाईमाणूस" केलं, मग गप्प बसले. धार चांगली असली की लोकांची तोंडं आपोआप बंद होतात.

तार्मो तेव्हा वीस वर्षांचा. आमच्या पगारी संघात त्याला घेतलं होतं ते चाचणीवर, जानेवारीअखेरपर्यंत. त्यानंतर एक तर दोन वर्षांचा करार, नाहीतर घरी जाऊन बापाच्या ट्रकवर ओंडके चढवायचे. "मावशी, मला खेळूनच पोट भरायचंय," तो पहिल्याच दिवशी मला म्हणाला. "ओंडके मला जमत नाहीत असं नाही. पण मला ते नकोत." पोरगा बोलला कमी, पण बोलताना नजर हलली नाही. मला तेव्हाच आवडला.

आला होता तो पुढे खेळणारा म्हणून, कारण पेसोला घराण्यातले सगळे पुढेच खेळतात. त्याचा बाप काउको. आमच्याकडे स्टेडियम नव्हतं, गोठलेल्या तळ्यावरच खेळायचे, त्या काळात त्याने एका हिवाळ्यात एकतीस गोल केले होते. कॉफीच्या टपरीजवळ त्याचा फोटो लावलेला आहे आणि काउको बरोबर त्या फोटोखाली उभा राहूनच कॉफी पितो. मोठा झाला तरी माणूस हौशी!

पण नोव्हेंबरात एका आठवड्यात आमचे दोन बचाववाले जायबंदी झाले. एकाचं मनगट मोडलं, दुसऱ्याची जांघ धरली. आमचा कोच रांताला फारच कमी बोलतो. त्याने तार्मोकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "पेसोला, मागे." झालं.

आता पात्याचं एवढं समजून घ्या. पुढे खेळणाऱ्याचं पातं खालून होडीच्या तळासारखं गोलसर घासतात, बर्फाला जेमतेम तीन बोटं टेकतं. त्यामुळे गर्रकन वळता येतं. मागे खेळणाऱ्याला तोंड समोर ठेवून उलटं पळायचं असतं, त्याला पातं सपाट लागतं, लांब टेकणारं. गोल पात्यावर उलटं पळालं की तोल टाचेवरून निसटतो आणि माणूस आकाश बघतो. तार्मोने दोनदा बघितलं.

"सपाट करून घे," मी दुसऱ्या दिवशी म्हटलं.

"कशाला? दोन आठवड्यांत मी परत पुढे जाईन."

तेवढ्यात पेन्ती आत आला. पेन्ती म्हणजे बर्फावरचा त्याचा जोडीदार, पस्तिशीचा, पुढचे चार दात गायब, दोन्ही गुडघे पट्ट्यांत. तो म्हणाला, "पोरा, पुढच्याला दहा चुका माफ असतात, आपल्याला एकही नाही. मावशी सांगते ते कर, नाहीतर तुझ्याबरोबर मलाही घरी बसवशील."

तार्मोने बूट माझ्यासमोर ठेवले. मी पाती सपाट केली. पोलाद घासून जातं ते जातंच, पुन्हा येत नाही, म्हणून हात जपून चालवला.

त्यानंतर तो जो कामाला लागला! रांतालाने त्याची स्टिकच काढून घेतली. स्टिक हातात असली की माणूस तिच्यावर विसंबतो आणि पाय आळशी होतात. बाकीचे गुरुवारच्या वाटाण्याच्या सूपावर तुटून पडायचे तेव्हा हा एकटा रिकाम्या हातांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत उलटा पळत असायचा. चाळीस खेपा. मी सूप झाकून ठेवायची, ते गार व्हायचं, आणि हा गारच प्यायचा. डिसेंबरात तो उभा राहायला लागला. ख्रिसमसपर्यंत समोरच्यांना त्याच्या बाजूने यायचा कंटाळा यायला लागला.

आणि जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी तो पुन्हा उताणा पडला.

सामना संपल्यावर मी त्याचे बूट हातात घेतले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाती गोल! कुणीतरी कानस मारून टोकं आणि टाचा पुन्हा गोल केल्या होत्या.

"माझ्या पात्यांना हात कुणी लावला?"

"कशावर तरी आपटली असतील," तार्मो म्हणाला.

"आपटून पातं गोल होत नाही, तार्मो. मला शिकवू नकोस."

त्याने ओले मोजे पिळले. मग म्हणाला, "बाबाने."

दर रविवारी तो गावाकडे जायचा. सगळे सौनात, वाफेच्या खोलीत, बसायचे, आणि पोरगं घाम काढत असताना काउको लाकडांच्या शेडमध्ये त्याचे स्केट घेऊन बसायचा. तार्मो पाच वर्षांचा होता तेव्हापासूनचा हा शिरस्ता. इतके दिवस नुसती धार लावायचा, या रविवारी पातंच गोल केलं. काउको आठवड्यात दहा शब्द बोलणारा माणूस. पोरावरची माया त्याने कायम कानशीनेच दाखवली. ती माया हिसकावून घ्यायची कशी? मला कळत होतं. राग मात्र जात नव्हता.

"तू मागे खेळतोस हे त्याला आवडत नाही?"

"तो म्हणतो, हे तात्पुरतं आहे."

"आणि तू काय म्हणतोस?"

"काही नाही म्हटलं."

"शाबास! तोंड शिवून बस आणि सामने हर." मी पट्टी लावून पातं मोजलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. "हे बघ. आणखी एकदा सपाट करण्यापुरतं पोलाद उरलंय. एकदाच. पुन्हा कुणी कानस मारली तर हे पातं संपलं, आणि चाचणीवरच्या पोराला क्लब नवे बूट देत नाही. चार सामने राहिलेत. आता काय ते ठरव."

त्याने दुसरा बूटही माझ्यापुढे सरकवला. "कर सपाट," म्हणाला. आणि रविवारी त्याने बूट माझ्या फळीवर ठेवले आणि रिकाम्या हातांनी बसमध्ये चढला.

"बापाला काय सांगशील?" मी विचारलं.

"खरं ते सांगेन." चेहरा पांढराफटक पडला होता पोराचा.

सोमवारी सकाळी ओंडक्यांचा ट्रक स्टेडियमच्या दोन्ही दारांसमोर आडवा उभा राहिला. काउको टोपी न काढता माझ्या खोलीत घुसला.

"हिल्का, माझ्या पोराचे बूट दे."

"बूट क्लबाचे आहेत."

"पाय माझ्या पोराचे आहेत."

"मग पाय घेऊन जा. बूट इथेच राहतील."

"तुझी जीभ तशीच आहे अजून," काउको म्हणाला. "पेसोला घराण्यात कुणी गोलाची राखण करत उभं राहिलेलं नाही. ज्याला गोल करता येत नाही तो मागे उभा राहतो. माझ्या पोराला येतो."

"येत नाही, बाबा."

तार्मो दारात उभा होता, बर्फाबाहेरच्या व्यायामाच्या घामाने भिजलेला. तो दारातूनच बोलत सुटला. "तुझ्याइतका नाही येत. पुढे खेळलो तर या संघात माझा नंबर सातवा. मागे पेन्तीनंतर मीच. आणि मला मागे आवडतं, बाबा. आधी शिक्षा वाटली होती. आता तिथून सगळा खेळ दिसतो मला. कोण कुठून येणार ते आधीच कळतं. तू मला धार लावून देतोस ती तुझ्यासारखं खेळण्यासाठी. मला माझ्यासारखं खेळू दे."

"आवडतं?" काउकोने विचारलं. पोराला तुरुंग आवडतो म्हटल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"हो. आवडतं."

काउकोने बूट उचलला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला. "धार बरी आहे," एवढंच बोलला आणि निघून गेला. ना आशीर्वाद, ना शिवी. बाहेर उणे तिशीतली थंडी, ट्रक काही केल्या सुरू होईना. कुणी मदतीला गेलं तर त्याच्या अंगावर ओरडला.

पुढचे तीन सामने तार्मो पडला नाही. उरला एकतीस तारखेचा सामना, शेजारच्या गावाशी. रांतालाने सकाळीच सांगून टाकलं, "आज बघतो आणि ठरवतो."

शेवटचं मिनिट. आमचे दोन गोल, त्यांचा एक. त्यांनी आपला गोलकीपर काढून घेतला आणि त्याच्या जागी आणखी एक पुढचा खेळाडू घातला. त्यांचा गोल उघडा पडला, सताड, राखायला कुणी नाही. आणि आमच्या कोपऱ्यात चकती आली ती तार्मोच्या पायाशी.

"मार! मार!" अख्खं स्टेडियम उभं राहिलं. मीही ओरडले, खोटं कशाला सांगू? पोराचा पगारी संघातला पहिला गोल झाला असता. पण तिथून मारलेली चकती गोल चुकली असती तर नियमाप्रमाणे खेळ परत आमच्याच दारात सुरू झाला असता, आणि आमच्या पोरांच्या पायांत जीव उरला नव्हता.

तार्मोने मारली नाही. त्याने सगळ्यांकडे पाठ केली, चकती बुटाने मैदानाच्या कडेच्या फळीशी दाबून धरली आणि उभा राहिला. एक जण येऊन आदळला. मग दुसरा. बरगड्यांत कोपरं, पोटऱ्यांवर काठ्या. पेन्ती मध्ये घुसून एकाला अडवत होता, पण तिसरा आलाच. एकोणीस सेकंद. तो इंचभर हलला नाही. भोंगा वाजला, आणि मगच गुडघ्यांवर बसला.

कॉफीच्या रांगेत एक शहाणा मोठ्याने म्हणाला, "काय रे काउको, तुझ्या पोराला एवढा मोकळा गोल दिसला नाही?" चार जण हसले.

काउकोने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता हा मारामारी करणार. पण तो सरळ उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "दिसला त्याला. मी असतो तर मारला असता, आणि चुकलो असतो, आणि तुम्ही सगळे आत्ता रडत असता. तो माझ्यापेक्षा शहाणा आहे. माझा मुलगा मागे खेळतो, समजलं? आणि तुला शंका असेल तर जा, फळीशी उभा राहून दाखव."

एका दमात एवढे शब्द काउकोच्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते.

मी धावतच खेळाडूंच्या खोलीत गेले. तार्मो बाकावर आडवा, बरगडीला बर्फाची पिशवी. दोन बरगड्यांना तडा गेला होता. रांताला कागद घेऊन शेजारी उभा. "दोन वर्षं," तो म्हणाला, "मागे." तार्मोने पडल्या पडल्याच सही केली, वाकडीतिकडी. मग माझ्याकडे बघितलं.

"मावशी, बाबा गेला का? चिडला असेल ना, मी मारली नाही म्हणून?"

मी सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. तो हसायला गेला, बरगड्या दुखल्या म्हणून थांबला, आणि मग रडायलाच लागला.

"शहाणा म्हणाला? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"पुन्हा सांग."

मी स्टूल ओढलं आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.