संगणकास सादर केलेला खुलासा

कुणीही, कुठेही, काहीही विचारलं तरी त्याला खरं आणि पूर्ण उत्तर दिलंच पाहिजे असं मानणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच उरला आहे, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा मामा निघाला. मी शाळेत शिक्षिका. प्रश्न विचारून पोट भरते आणि उत्तरांसाठी तरसते, त्यामुळे सुरुवातीला मला या माणसाचं फार कौतुक वाटलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा कामठ्याला त्यांच्या घरी गेले, वाकून नमस्कार केला आणि रीत म्हणून विचारलं, "मामाजी, कसे आहात?" मामाजींनी डाव्या गुडघ्यापासून सुरुवात केली. पोटापर्यंत पोहोचेतो चहा निवला होता, आणि डोळ्यांपर्यंत आले तेव्हा आमची परतीची बस निघून गेली होती. त्यानंतर मी त्यांना कधी तब्येत विचारली नाही. फक्त "बरं दिसतंय" असं स्वतःच सांगून टाकते.

बसमध्ये कंडक्टरने "कोणी राहिलं का तिकिटाचं?" अशी हाळी दिली की बाकीचे खिडकीबाहेर बघतात. मामाजी उभे राहून सांगत, "मी नाही राह्यलो. माह्या मागचा राह्यला." मागचा माणूस मग उरलेल्या प्रवासभर त्यांच्याकडे डोळे वटारून बघत असे आणि मामाजींना त्याचं कारणच कळत नसे. गोंदियाला एका भिंतीवर 'आपले केस गळतात काय?' अशी जाहिरात रंगवली होती. ती वाचून त्यांनी सायकल थांबवली, टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि भिंतीला म्हणाले, "आता नाही गळत. होते तवा गळत होते." बँकेच्या मशीनने 'आणखी काही व्यवहार करायचा आहे काय?' असं विचारलं की ते डोळे मिटून खरोखरच विचार करत, आणि मागे रांगेतले लोक ओरडत, "अरे चाचा, जल्दी करो ना!" यावर मामाजी मागे वळून विचारत, "जल्दी कायले? त्यानं इचारलं मले, तुले नाही."

हे सगळं पाटबंधारे खात्यातल्या नोकरीने केलं असावं. मामाजी चोरखमाऱ्याच्या तलावाच्या कालव्यावर निरीक्षक होते. एका वर्षी शेवटच्या टोकाच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, पाणी पोहोचलं नाही आणि वरून त्यांच्या नावाने 'कारणे दाखवा' नोटीस आली. दुसरा एखादा घाबरला असता. मामाजी हरखले. नोकरीत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना काही विचारलं होतं. ते चार दिवस कालव्याच्या काठाने पायी फिरले, खेकड्यांनी पोखरलेलं एकेक बीळ त्यांनी काठीने मोजलं आणि नकाशासकट एवढा मोठा खुलासा सादर केला, की साहेबांनी म्हणे तो वाचण्यापेक्षा प्रकरण मिटवणं पसंत केलं. त्या खुलाशाची कार्बन प्रत मामाजींच्या लोखंडी पेटीत अजून आहे. खाली 'पोच' म्हणून सही, शिक्का, तारीख. मामाजी म्हणतात, "प्रश्नाले उत्तर नाही देल्लं, का प्रश्न तसाच उभा राह्यते. अना उत्तराची पोच नाही घेतली, का आपन उभे राह्यतो."

आता त्या संगणकाबद्दल सांगते. तो त्यांच्या मुलाने पुण्याहून आणून बसवला होता, म्हाताऱ्यांची तोंडं रोज बघता यावीत म्हणून. महिनाभर बघितली, मग दोन्हीकडचा उत्साह ओसरला आणि संगणक मामींनी शिवलेल्या फुलाफुलांच्या झबल्यात झाकून राहिला. पुढे मामींना लकव्याचा झटका आला. बोलणं वाचलं, पाय वाचला. उजवा हात मात्र लोळागोळा झाला. गोंदियाच्या डॉक्टरांनी बोटांना काम द्यायला सांगून दाबायला एक रबरी चेंडू दिला. मामींनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी वासरापुढे टाकून दिला. "मी का लहान पोर आहो?" म्हणाल्या. मग कशी कोण जाणे, त्यांना संगणकातली एकट्याने खेळायची पत्त्यांची बाजी सापडली. हिरव्या पाटावर सात ढीग, काळ्यावर लाल, लालवर काळं. लाकडासारखी बोटं माउसवर ठेवून त्या रोज दुपारी बसू लागल्या. सुरुवातीला राजा उचलायला जात आणि बाण भलतीकडेच जाई. मामाजी शेजारच्या स्टुलावर बसून सल्ला द्यायला तोंड उघडत, की मामी म्हणत, "तुम्ही पान्याचं पाहा. पत्त्याईचं मले समजते." वर्षभरात त्या उजव्या हाताने जेवू लागल्या. तांदूळ निवडू लागल्या. मी स्वतः पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर पत्त्यांनी कुणाचा हात बरा होतो यावर माझाही विश्वास बसला नसता.

आणि अशात एक दिवस पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट येऊन विचारू लागली, की संगणकाची नवी आवृत्ती तयार आहे, आता घेता की नंतर? तुम्ही-आम्ही ती झुरळासारखी झटकून टाकली असती. मामाजी मात्र रोज चष्मा लावून, 'नंतर'वर बोट ठेवून, रीतसर उत्तर देत. असे कित्येक दिवस गेले. मग त्यांचं मन त्यांना खाऊ लागलं. रोज 'नंतर' म्हणायचं आणि मनात मात्र 'कधीच नाही' असायचं, हे खोटं नव्हे का? एका सकाळी ते मामींना म्हणाले, "त्याले किती दिवस झुलवावं?" आणि त्यांनी 'आता' दाबलं.

दुपारी मामी बाजी मांडायला बसल्या तर सगळं घरच बदललेलं. चित्रं वेगळी, रंग वेगळे, बटणांची जागा वेगळी, आणि पत्त्यांचा खेळ गायब. शोधता शोधता एक नवा खेळ मिळाला, पण तो पत्ते वाटण्याआधी नाव, गाव, जन्मतारीख मागत होता. "पत्ते खेळाले जन्मतारीख कायले पायजे?" मामींनी विचारलं. मामाजी तोवर त्यांचा चौथीचा दाखला शोधायला पेटीत शिरले होते. मामींनी हात माउसवरून काढला, मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "राहू द्या." मग तो हात तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी राहिला, तिसऱ्या दिवशीही राहिला. आठवड्याने त्यांनी जेवताना डाव्या हातात चमचा घेतला, आणि त्या संध्याकाळी मला मामाजींचा फोन आला.

"सूनबाई, माह्याच्यानं चूक झाली. घरात नवीन कोनी येऊन राह्यलं, अना जुना कुठं गेला थे समजूनच नाही राह्यलं."

मला दोन मिनिटं वाटलं, घरात भाडेकरू घुसला.

आमच्या खानदानात संगणकाचं काही अडलं की मलाच बोलावतात, कारण मी नोकरीसाठी संगणकाचा तीन महिन्यांचा कोर्स केलेला आहे. त्या कोर्सात मी पत्र टंकायला शिकले आणि प्रमाणपत्र मिळताच बरंचसं विसरले, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून सगळ्या पायऱ्या चिठ्ठीवर लिहून घेतल्या आणि रविवारी कामठ्याला गेले. सहकाऱ्याने बजावलं होतं, की नवी आवृत्ती काढून जुनीकडे जाता येतं, पण फक्त पहिले दहा दिवस. दहाव्यानंतर जुनी कायमची पुसली जाते. त्यातले आठ दिवस उलटले होते.

चिठ्ठी बघत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत एकदाचं ते बटण सापडलं: मागील आवृत्तीकडे परत जा. दाबलं, तर पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. मी नको तेवढ्या उत्साहाने तो मराठीत वाचून दाखवला, "आपण परत का जात आहात?" खाली तीन-चार कारणं आणि पुढे खुणेच्या चौकटी. मी एकीवर टिचकी मारणार, तेवढ्यात मामाजींनी माझं मनगट धरलं.

"थांब. हे तर कारने दाखवा आलं."

"मामाजी, कुठलंही एक दाबायचं. कोणी वाचत नाही ते."

"वाचत नाही तर इचारते कायले?"

मी एकेक कारण वाचू लागले. जुनी आवृत्ती सोपी वाटत होती? "सोपी नोती. थे बी समजत नोती." जुनी जलद चालत होती? "थे बी रेंगतच चाले." माझी यंत्रं नवीनवर चालत नाहीत? मामाजींनी छापायचं यंत्र जोडून पाहिलं. दुर्दैवाने ते चाललं. शेवटी 'अन्य कारण' आणि त्याखाली लिहायला एक बारकी रिकामी चौकट. मामाजींचा चेहरा उजळला. ते म्हणाले, घाई करता येणार नाही, मसुदा करावा लागेल, मुदतीच्या आत सादर करतो. मी चिडले, हात जोडले, दोनच दिवस राहिले आहेत म्हणून सांगितलं. दारात मामी उभ्या होत्या. उजवा हात डाव्याने पोटाशी धरलेला.

सोमवारी फोन केला, तर मामाजी म्हणाले, "मसुदा चालू हाये." मंगळवारी मी शाळेतून अर्धी रजा टाकून धावत गेले. टेबलावर कागदांचा ढीग होता. विषय, संदर्भ, मग कालव्याचा इतिहास, मग लकवा, चेंडू, वासरू, सगळं क्रमवार. पण चौकटीत जेमतेम दोन ओळी मावतात, हे कळल्यावर मामाजींनी पेन घेतलं आणि काटायला लागले. आधी कालवा गेला, मग वासरू, मग संदर्भ. मग त्यांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला आणि एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत, पण मराठीतच काहीतरी टंकलं. मला दाखवलं नाही. "गोपनीय हाये," म्हणाले.

पुढे संगणकाने आणखी दोनदा विचारलं, नक्की जायचं ना? मामाजींनी दोन्ही वेळा मान हलवून "हो" म्हटलं आणि मग बटण दाबलं. शेवटी पडद्यावर आलं, नवी आवृत्ती वापरून पाहिल्याबद्दल आभार. "आभार मानले," मामाजी म्हणाले, "पन खुलासा भेटला, असं कुठं म्हन्ते?" तेवढ्यात पडदा काळा झाला. बराच वेळ नुसते ठिपके गोल फिरत राहिले. मी मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेतली. आणि मग जुनं चित्र आलं, जुनी बटणं आली, आणि कोपऱ्यात पत्त्यांची खूण.

"इतके दिवस हा होता कुठं?" मामाजींनी विचारलं.

"याच डब्यात, मामाजी. मागे ठेवला होता."

"घरातच होता? मंग आवाज काऊन नाही देल्ला?"

मामी खुर्चीत येऊन बसल्या. खेळ उघडला तर नवी बाजी नाही, अर्धी राहिलेली जुनीच बाजी, त्यांनी जशी सोडली होती तशी. चौकटची राणी अजून काळ्या राजाची वाट बघत ढिगाच्या टोकाला. मामींचा उजवा हात मांडीवरून उठला आणि माउसवर जाऊन बसला. मला रडू आलं. मामाजींनी सल्ला द्यायला तोंड उघडलं आणि स्वतःच मिटलं.

त्यानंतर कित्येक महिने मामाजी भेटले की एकच विचारत, "सूनबाई, पोच आली काय?" मी म्हणे, येईल. शिक्षिका असून मी इतकं धडधडीत खोटं कुणाशी बोलले नसेन.

आता तो संगणक राहिला नाही. मामी खरे पत्ते घेऊन ओसरीवर बाजी मांडतात. मामाजींना मात्र हल्ली फार काही उमगत नाही. मला कधी ओळखतात, कधी शाळा-तपासणीला आलेली बाई समजतात. आयुष्यभर सगळ्यांना उत्तरं देणारा माणूस आता दिवसभर नुसता विचारत असतो, आणि त्यातही एकच प्रश्न: पोच आली काय? कसली पोच ते त्यांना आठवत नाही. गेल्या खेपेला मी गेले तर माझ्यासमोर त्यांनी चारदा विचारलं. चौथ्यांदा मामींनी पत्ते खाली ठेवले आणि मला पेटीतली फाइल काढायला सांगितली. खेकड्यांच्या खुलाशाखाली तो कागद होता. सगळ्या ओळी काटलेल्या, खाली एकच शिल्लक: 'कारण: घरच्या माणसाचा उजवा हात थांबला आहे. करिता परत जाऊ द्यावे, ही विनंती.' त्याखाली 'पोच' आणि पुढे कोरी जागा.

मामींनी माझ्याकडून वाचून घेतलं. मग माझं पेन मागितलं, उजव्या हातात धरलं आणि त्या कोऱ्या जागेत, वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मिळालं'. खाली सही केली आणि कागद मामाजींपुढे धरला.

मामाजींनी चष्मा लावला. सहीवरून सावकाश बोट फिरवलं.

"बरोबर हाये," ते म्हणाले. "खाली तारीख टाका."

मामींनी मला विचारून तारीख टाकली.